ज्योतिबाअण्णांचा पायगुण

ज्योतिबाअण्णा रस्त्यानं वर बघत चालायचे. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत फुटपाथची फरशी कुठं उखडलीय, कुठल्या गटारावरचं झाकण गेलंय हे बघत सगळे मान खाली घालून चालतात. अण्णांची नजर मात्र विजेच्या खांबांवर. एखाद्या जुन्या खांबावर तपकिरी रंगाचा, थाळ्या एकावर एक रचल्यासारखा चिनीमातीचा इन्सुलेटर दिसला की थांबायचे आणि बरोबर असेल त्याला सांगायचे, "ते आमचं हाय बघा."

"एक दिवस हे गटारात जाणार आणि तिथनंबी वर बघून सांगणार, ते आमचं हाय म्हणून," गंगव्वा म्हणायची. गंगव्वा त्यांची बायको. दोघंही बेळगावच्या बाजूची. घरात मराठी बोलायची, पण भांडण रंगात आलं की कन्नडवर जायची.

आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. मध्ये अंगण, भोवती सहा बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक नळ. याला इथं वठार म्हणतात. माझ्या यजमानांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही नाशिकहून आलो. मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या दिवशी दूधवाला काहीतरी विचारत होता आणि मी नुसती मान हलवत होते, तेव्हा समोरच्या दारातून आवाज आला, "वैनी, तो विचारायलाय, रोज किती घालू?" तेव्हापासून मी त्यांची वैनी, ते माझे अण्णा.

अण्णांचा कारखाना यशवंतपूरला, रेल्वेच्या रुळांपलीकडं होता. तिथं खांबांवरचे इन्सुलेटर बनायचे. मातीचा वाळलेला इन्सुलेटर दोन्ही हातांत धरून झिलईच्या हौदात बुडवायचा, एक गिरकी द्यायची आणि वर काढायचा, हे अण्णांचं काम. हौदात तो चिखलासारखा दिसायचा आणि भट्टीतून निघाला की काचेसारखा चमकायचा. "लेकराला न्हाऊ घालावं तसं करावं लागतंय," ते सांगायचे, "डोकं धरायचं न्हाई, बूड धरायचं." ते काम करून आले की त्यांच्या कोपरापर्यंत करड्या रंगाचे पोपडे धरलेले असायचे आणि नळावर गंगव्वा ते खरवडून काढायची.

कारखान्याची भट्टी कधी विझत नसे. सणासुदीलाही कुणीतरी तिच्यापाशी असायचंच. खंडेनवमीच्या आयुधपूजेला मात्र आख्खा कारखाना बायकापोरांसह जमायचा. भट्टीच्या दारावर झेंडूच्या माळा, हळदकुंकू लावून फोडलेला कोहळा, चुरमुऱ्यांचे पुडे. एका वर्षी मीही गेले होते. अण्णांनी मला भट्टीच्या भिंतीजवळ नेलं आणि म्हणाले, "हात लावू नका, नुसता जवळ न्या." मी हात जवळ नेला. मग त्यांची मुलगी चंदना, तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती, तिनं त्यांच्या खांद्यावरून हात पुढं केला आणि उष्णता लागताच खिदळून मागं घेतला. अण्णा किती खूश झाले होते, जणू भट्टी त्यांनी तिच्यासाठीच पेटवली होती.

तो कारखाना बंद पडला. का पडला याची कारणं सगळ्यांना ठाऊक होती. बाहेरचा माल स्वस्त येऊ लागला, मागणी घटली, आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची गेली. शेवटी भट्टी विझवली. एवढी मोठी भट्टी लगेच थंड होत नाही. कामगार रोज सकाळी जायचे, भिंतीला हात लावून बघायचे आणि परत यायचे. अण्णाही जायचे. एक दिवस ते आले आणि अंगणातल्या पायरीवर बसून म्हणाले, "वैनी, आज गार लागली."

त्यानंतर ते पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कॅसेट कंपनीत लागले. गाण्यांच्या कॅसेट डबीत घालायच्या, वर चित्राचा कागद सरकवायचा, खोकी भरायची. श्रावणात देवांच्या गाण्यांना एवढी मागणी की जेवायला फुरसत मिळायची नाही. तिथल्या बायका काम करता करता गायच्या. "कॅसेटातल्यापेक्षा बऱ्या गातात," अण्णा सांगायचे. मग सीडी आल्या, फोन आले आणि तीही कंपनी गेली. शेवटच्या दिवशी ज्याला हवी त्यानं हवी तेवढी कोरी फीत न्यावी असं मालकानं सांगितलं. अण्णांनी पिशवीभर आणली. गंगव्वानं डालड्याच्या डब्यांत मिरच्या लावल्या होत्या, त्यांच्यावर पाखरं बसू नयेत म्हणून ती फीत आडवीतिडवी बांधली. वाऱ्यावर ती फडफडायची.

तिसरी नोकरी चिकपेटला, लग्नपत्रिकांच्या छापखान्यात. मालक हयवदन राव, मोठे बोलके गृहस्थ. चिकपेटच्या आसपास जुनी मराठी घराणी पुष्कळ. त्यांच्या पत्रिका मराठीत छापल्या जायच्या आणि त्या वाचणारा तिथं कुणी नव्हता. अण्णांना मराठी वाचता येत होतं म्हणून त्यांना घेतलं. मुलाखतीत रावांनी विचारलं, आधी कुठं होता? अण्णांनी सांगितलं. राव हसले आणि म्हणाले, "दोन बंद करून आलात. आता आमचं तेवढं सांभाळा, हं!"

ही गोष्ट अण्णाच सगळ्यांना सांगायचे, रावांच्या हसण्याची नक्कल करून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इन्सुलेटर कारखान्यातली जुनी माणसं मल्लेश्वरमच्या मैदानाजवळच्या बाकांवर जमायची. सुरुवातीला बाकं पुरायची नाहीत. कोण कुठल्या पाळीला होता, कॅन्टीनच्या सांबारात कुणाची चप्पल पडली होती, फोरमन रागावला की कसा तोतरा व्हायचा, तेच ते बोलणं, आणि दर वेळी नव्यानं हसणं. तिथंही अण्णांनी ती गोष्ट सांगितली. देवाप्पा नावाचे त्यांचे जुने सोबती होते, भट्टीवर असायचे. त्यांनी टाळी दिली आणि म्हणाले, "मग रावांना सांगून ठेव, दुसरा धंदा बघून ठेवा!" सगळे हसले, अण्णा तर सगळ्यांत जास्त.

छापखाना पुष्कळ वर्षं चालला. त्याच नोकरीवर अण्णांनी चंदनाचं लग्न केलं. जावई गुरुप्रसाद, तुमकूरकडचा, कन्नड घरातला, कामसू मुलगा. हयवदन रावांनी पत्रिका आपल्या हातानं छापून दिल्या, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड.

मग लोक फोनवरच पत्रिका पाठवू लागले. त्यात करोना आला, लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली, आणि रावांनी यंत्रं भंगारात घातली. शेवटच्या दिवशी ते अण्णांना सोडायला मेट्रोपर्यंत आले. म्हणाले, "शेवटी माझंही बुडवलंत की हो." त्यांनी हे हसत म्हटलं. माझी खात्री आहे, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ही गोष्ट अण्णांनी कुणाला नक्कल करून सांगितली नाही. मला ती कितीतरी नंतर कळली.

वय साठीच्या पुढं गेलं होतं तरी अण्णांना घरी बसवेना. देवाप्पा तेव्हा यशवंतपूरला एका गोदामावर राखणदार होते. त्यांनी तिथल्या मॅनेजरकडं अण्णांना नेलं. मॅनेजरनं आधीच्या नोकऱ्या विचारल्या, अण्णांनी ओळीनं सांगितल्या. दोन दिवसांनी निरोप आला की जागा भरली. पण देवाप्पांच्या पोटात काही राहत नाही. वठारात येऊन, माझ्यादेखत, चहा पिता पिता ते म्हणाले, "अरे, साहेब काय म्हणाले ठाऊक? हा माणूस जिथं जातो तिथं कुलूप लागतं. आपल्याला नाट नको."

आणि ते हसले. मी अण्णांकडं बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. तो बशीबाहेर सांडला, आणि तरी ओततच राहिले.

नंतर एकदा नळावर ते मला म्हणाले, "वैनी, नव्या सुनेचा पायगुण बघतात. गड्याचाबी असतोय काय?"

"काहीतरीच काय अण्णा," मी म्हटलं. "कॅसेट कुणी विकत घेईना, त्याला तुम्ही काय करणार?"

"ते खरं," ते म्हणाले. "पण तिन्हीकडं मीच होतो की."

त्याच सुमारास चंदना आणि गुरुप्रसादनं खानावळ काढायचं ठरवलं. यशवंतपूरच्या बाजाराजवळ हुबळी-धारवाडकडच्या जेवणाच्या खानावळी चांगल्या चालतात. हमाल, लॉरीवाले, कॉलेजची मुलं, सगळ्यांना ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी लागते. आणि भाकरी थापावी तर गंगव्वानं. गुरुप्रसादनं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. अण्णांना कोण आनंद! पाटीवरची अक्षरं कुठल्या रंगाची असावीत, यावर ते माझ्या यजमानांशी तासन्‌तास बोलत होते.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी चंदना आली. मी तिथंच होते, गंगव्वाबरोबर शेंगा सोलत. चंदना बसली, पाणी प्यायली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अप्पा," ती म्हणाली, "उद्या पूजा सकाळी आहे. जागा लहान आहे, गर्दी होणार. त्यांच्याकडची सगळी माणसं येणार." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही दुपारी आलात तरी चालेल. निवांत."

गंगव्वाचे हात थांबले. "बापानं दुपारी यायचं?"

"मी नाही म्हणत गं अम्मा. त्यांच्या आईचं..." चंदनानं पुढचं गिळलं.

अण्णा म्हणाले, "सरी, बरं. दुपारी येतो की. सकाळी गर्दीत माझं काय काम?" आणि शर्टाला इस्त्री करायची आहे म्हणून आत गेले.

सकाळी गंगव्वा आणि मी रिक्षानं गेलो. अण्णांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता, दाढी केली होती, पण म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मला जरा कणकण वाटतीय." पूजा छान झाली. आरतीच्या वेळी मी दारातून बाहेर बघितलं, तर रस्त्याच्या पलीकडं, बसथांब्याच्या खांबाला टेकून अण्णा उभे. तोच पांढरा शर्ट. मध्ये लॉरी आली की दिसेनासे व्हायचे, लॉरी गेली की पुन्हा दिसायचे. त्यांनी तिथूनच हात जोडले होते.

मी गंगव्वाला खूण करणार तोच ती हळूच म्हणाली, "बघू नका वैनी. आपण बघितलं तर ते निघून जातील."

दुपारी ते गेले नाहीत. चंदनानं डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या, त्या त्यांनी खाल्ल्या.

खानावळ चालली. खरंच चांगली चालली. गंगव्वा सकाळी लवकर जायची, तिथं उभं राहून भाकऱ्या करायची आणि जेवणाची गर्दी ओसरली की घरी यायची. आल्या आल्या अण्णा विचारायचे, "गर्दी होती?" ती सांगायची, रांग लागली होती, भाकऱ्या संपल्या, लोक परत गेले. अण्णा मांडीवर हात चोळायचे.

चंदना पुढं कितीदा तरी म्हणाली, "अप्पा, आता या की. तुमच्या जावयालाही वाईट वाटतं. त्या वेळी त्यांच्या आईच्या मनात आलं, ते सोडून द्या."

"मला कसला राग न्हाई गं," अण्णा म्हणायचे. "चाललंय न्हवं नीट? चालू दे."

आधी ते रुसलेत असं मला वाटायचं. मग लक्षात आलं की तसं नाही. आपण आत पाऊल टाकलं नाही म्हणून खानावळ चालते आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि ते हे काम नोकरीसारखं करत होते. यशवंतपूरला जावं लागलं तर एक थांबा आधी उतरायचे आणि बाजाराच्या मागच्या बोळातून जायचे. चंदनाला मुलगी झाली, तिचं नाव अमृता. ती खानावळीच्या मागच्या खोलीत झोळीत वाढली. रांगली तिथं, चालायला शिकली तिथं. अण्णा नातीला भेटायचे ते चंदना तिला वठारात आणायची तेव्हा, म्हणजे सणावाराला. खानावळीला सुट्टी कुठली? अमृता त्यांच्याकडं पटकन जायची नाही. ते हात पुढं करायचे आणि ती आजीच्या पदरात तोंड लपवायची.

गंगव्वा एकदा चिडली. "एवढी नात तिथं खेळतीय, आणि ह्यो बाबा हितं राखण करतोय. कशाची राखण, सांगा की वैनी!"

अण्णा बादली घेऊन नळावर गेले.

गंगव्वाला रक्तदाब होता. गोळ्या कधी घ्यायची, कधी विसरायची. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एके दुपारी मी भांडी घासत होते आणि अण्णा दारात आले. हातात फोन, चेहरा पांढरा. "वैनी, गंगव्वा पडली म्हणत्यात. तव्यापाशी."

आम्ही रिक्षा केली. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, रिक्षावाल्याला, कन्नडमध्ये, जरा लवकर म्हणून, "स्वल्प बेग." खानावळीसमोर माणसं जमली होती. रुग्णवाहिका यायची होती. मी उतरले आणि आत धावले. तव्यापासून उचलून गंगव्वाला पुढं बाकांमधल्या फरशीवर निजवलं होतं. डोकं चंदनाच्या मांडीवर, एका हाताला पीठ तसंच. डोळे उघडे होते. ती काहीतरी पुटपुटत होती, शब्द लागत नव्हते. नजर दाराकडं होती.

मी मागं वळून बघितलं. अण्णा आले नव्हते. ते दाराबाहेर होते, पायऱ्यांपाशी. खालच्या पायरीवर एक पाय ठेवला होता आणि दोन्ही हातांनी शटरची कड धरली होती.

"अप्पा!" चंदना ओरडली. "आत या! अम्मा बोलावतीय!"

त्यांचे ओठ हलत होते. गुरुप्रसाद त्यांच्याकडं गेला, त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, "मामा, या हो, पाया पडतो तुमच्या, या." अण्णा मान हलवत राहिले. "पोरांचं पोट हाय," ते म्हणाले. "पोरांचं पोट हाय."

रुग्णवाहिका आली. गंगव्वाला उचलून बाहेर आणलं तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि इस्पितळापर्यंत सोडला नाही. पण तोपर्यंत तिचे डोळे मिटले होते. संध्याकाळी ती गेली.

तेराव्यापर्यंत चंदना त्यांच्याशी बोलली नाही. तेराव्याला, माणसं गेल्यावर, ती अंगणात उभी राहून म्हणाली, "अप्पा, चार पावलं होती. अम्मा आत पडली होती आणि चार पावलं होती."

अण्णा पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "तिला ठाऊक हुतं," ते म्हणाले. "मी का येत न्हाई ते तिला ठाऊक हुतं."

"तिला ठाऊक होतं म्हणून ती बोलावत नव्हती का?" चंदना म्हणाली आणि मुलीला उचलून निघून गेली.

गंगव्वा गेल्यावर भाकरीला बाई ठेवली. चव तीच राहिली नाही, तरी गिऱ्हाईक येत होतं. मग या वर्षी संक्रांतीनंतर इमारतीच्या मालकानं सांगितलं की जागा बिल्डरला विकली, सगळे गाळे रिकामे करा, इमारत पाडणार. शेजारचा झेरॉक्सवाला गेला, हार्डवेअरवाला गेला. गुरुप्रसादनं आजूबाजूला पुष्कळ जागा बघितल्या, पण त्याच्या आवाक्यातली एकही नव्हती.

चंदना सांगायला आली तेव्हा अण्णांना ते कळेचना.

"मी तर आत गेलो न्हाई," ते म्हणाले.

"नाही गेलात."

"एकदाबी न्हाई."

"एकदाही नाही, अप्पा. तरी बंद झालं." चंदनाच्या आवाजात राग राहिला नव्हता. ती फार दमलेली दिसत होती. "सगळी इमारतच पडतीय. तुमचा काही संबंध नाही त्यात. कधीच नव्हता."

ती गेल्यावर मला वाटलं, आता तरी या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. उशीर झाला, पण उतरेल.

खानावळ रिकामी करायच्या दिवशी अण्णा स्वतःहून म्हणाले, "वैनी, येता काय? सामान हलवाय मदत करूया." आम्ही गेलो. या वेळी ते बसथांब्यापाशी थांबले नाहीत. पायऱ्या चढले आणि सरळ आत गेले. गुरुप्रसाद बाकं एकावर एक चढवत होता, तो तसाच थांबला. पाटी आधीच उतरवून भिंतीला उलटी टेकवलेली होती. भिंतीवर देवाच्या तसबिरीच्या जागी चौकोनी डाग होता.

"गंगव्वा कुठं उभी राहायची?" अण्णांनी विचारलं.

चंदनानं त्यांना मागं नेलं. तवा गेला होता, ओटा होता. ओट्यासमोरची फरशी एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती. अण्णा तिथं उभे राहिले. तिथून खिडकीतून काय दिसतं ते त्यांनी बघितलं. शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि पाण्याचा पाइप. ते बराच वेळ तिथंच उभे होते. मग बाहेर आले, पातेल्यांचं पोतं खांद्यावर घेतलं आणि टेम्पोत नेऊन ठेवलं. दुपारपर्यंत ते वाहतच होते. कुणी बस म्हटलं तरी बसले नाहीत.

टेम्पो भरल्यावर गुरुप्रसाद त्यांच्यापाशी आला. "मामा," तो म्हणाला, "त्या पहिल्या दिवशी मी आईला गप्प बसवायला पाहिजे होतं."

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

गुरुप्रसादला तुमकूरला एका कारखान्याच्या उपाहारगृहात काम मिळालं. ती तिघं महिन्याभरात गेली. जाताना चंदना अण्णांना न्यायलाच आली होती. त्यांच्या कपड्यांची पिशवी तिनं स्वतः भरली, अमृतानं त्यांचं बोट धरलं. आता ती त्यांच्याकडं जायला लागली होती. पण ते उठेनात.

"नव्या जागेत आधी बस्तान बसू दे," म्हणाले. "मग बघू."

ते बघू अजून झालेलं नाही. दर रविवारी चंदनाचा फोन येतो आणि अण्णा एवढंच विचारतात, "काम चाललंय न्हवं त्याचं?"

पहिल्या रविवारच्या बैठकीलाही ते आता जात नाहीत. तिथं जायला माणसंही राहिली नाहीत म्हणा. गेल्या महिन्यात देवाप्पा एकटेच बाकावर बसून कंटाळले आणि इकडं आले. त्यांनी कॅन्टीनची गोष्ट काढली, फोरमनची काढली. अण्णा ऐकत होते, पण दुसऱ्या कुणाच्या तरी गावाची हकिकत ऐकावी तसे. देवाप्पांनी हसवायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी छत्री घेऊन निघून गेले.

ते गेल्यावर मी न राहवून बोललेच. म्हटलं, "अण्णा, तुमकूरला जा. इथं एकटे काय करता? आणि ते पायगुणाचं आता तरी डोक्यातून काढा. तुम्ही आत पाऊल टाकलं नाहीत, तरी खानावळ गेलीच ना? मग तुमचा पायगुण राहिला कुठं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही चुकीचं बोलते आहे आणि ते समजावून सांगायला त्यांना वाईट वाटतं आहे, असं बघितलं.

"वैनी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी पायरीवर पाय ठेवला हुता की."

मी म्हटलं, "अण्णा, नुसती पायरी हो ती. खालची."

"पायरीच," ते म्हणाले. "गंगव्वा पडली म्हटल्यावर भान ऱ्हायलं न्हाई. ठेवला गेला."

माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेल्या आमटीची वाटी होती. ती मी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि झाकली. रात्री पुन्हा बघितलं तर दार लोटलेलं होतं आणि आत दिवा लावलेला नव्हता. सकाळी वाटी धुऊन माझ्या दारात ठेवलेली होती. तेवढं ते अजून करतात.